वाळलेली पोटरी

नाताळाची चांदणी मी फेब्रुवारीत उतरवायला गेलो आणि चांदणीच्या आधी मीच उतरलो. स्टुलावरून थेट फरशीवर. घोट्याजवळचं हाड मोडलं. भिंगारच्या आमच्या गल्लीत सगळ्यांच्या चांदण्या केव्हाच माळ्यावर गेल्या होत्या. आमचीच "उद्या काढतो" करत लटकत राहिली होती. बायकोचं माहेर काष्टी या खेड्यातलं, त्यामुळे बोलण्यात आडपडदा नाही. मला रिक्षात बसवताना तिनं एवढंच विचारलं, "आता पुढच्या नाताळापत्तुर ऱ्हाऊ देऊ का ती वर?"

नगरच्या हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घातलं आणि बजावलं: बोटं हलवत राहा, पाय सरळ उचलत राहा, चांगलं खा. हलवण्याचं काही मला पटलं नाही. मोडलेला कप डिंकानं चिकटवल्यावर आपण तो हलवून बघतो का? मी पाय उशीवर ठेवला आणि पुतळ्यासारखा पडून राहिलो.

खाण्याचं राहिलं होतं, ते ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात निकालात निघालं. ईस्टरनंतर मुलीचं लग्न होतं. चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत तिला हाताला धरून मीच न्यायचं, हे ती लहान असल्यापासून माझ्या मनात होतं. फादर घरी येऊन सांगून गेले, की आजाऱ्याला उपवासाचं बंधन नाही. पण मला देवाकडून पाय हवा होता ना! मटण, मासे, अंडी, दूध बंद. एक वेळ भात आणि वरणाचं पाणी. मध्ये सणसणून ताप आला, तेव्हा तर तेही बंद.

"आवो, देवानं मागितलंय का ह्ये?" बायको म्हणाली.

मी डोळे मिटून घेतले. तप करणाऱ्याला असले प्रश्न विचारायचे नसतात.

प्लॅस्टर कापलं आणि आतून निघालं वाळलेलं दोडकं. दुसऱ्या पायाशेजारी ठेवलं, तर दोन वेगळ्या माणसांचे पाय दिसावेत. डॉक्टर एक्स-रे बघून "हाड झकास जुळलंय" म्हणाले. पोटरीचं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण भीतीनं विचारलंच नाही. घरी चार पावलं टाकली आणि मी खालीच बसलो. वेदीपर्यंत मी पोरीला नेणार, की पोरगी मला उचलून नेणार?

ही पोरगी पुण्याला एका प्रयोगशाळेत पेशींवर काम करते. सुट्टीला आली, तशी माझी पोटरी दोन बोटांत धरून बघत बसली. मग विचारपूस सुरू झाली. पाय हलवत होतात? नाही. जेवण? ताप? मी सगळं सांगितलं.

"पप्पा, पेशीत प्रथिनं सारखी बनतात आणि सारखी मोडतात. काही घटकाभरात मोडतात, काही महिनोन्महिने टिकतात. पण मोडण्याचा वेग कायम एकच नसतो. स्नायू वापरला नाही, की आतलं बांधकाम मंदावतं आणि मोडतोड वरचढ होते. पोटात अन्न नसलं, की शरीर स्नायूच मोडून वापरतं. तापात तर आणखी."

"मग मी यातलं नेमकं काय केलं?"

"तिन्ही. एकदम."

"एकबी सोडलं न्हाई!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"पण कोणतं मोडायचं, हे पेशीला कळतं कसं?"

"नको असलेल्या प्रथिनाला ती एक खूण चिकटवते. खूण लागली, की ते मोडायच्या यंत्रात जातं."

रस्ता रुंद करायचा झाला की घरांच्या भिंतींवर लाल रंगाच्या फुल्या मारतात, त्या मला आठवल्या. माझ्या पोटरीत घरोघर फुल्या पडल्या होत्या तर! आता मात्र धीर करून विचारलं, "आणि पेशी? त्या मेल्या का गं?"

"नाही हो. पेशी आहेत जागच्या जागी, फक्त आतलं सामान कमी झालंय. तुम्ही खा, चाला, त्या परत बांधतील. लग्नापर्यंत या पायावर नीट उभे राहाल."

छातीवरून कुणीतरी जातं उचलून नेलं असं वाटलं. त्या संध्याकाळी मी उकडलेली अंडी खाल्ली. इतकी चवदार अंडी मी जन्मात खाल्ली नसतील. फादरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं." त्यानंतर रोज खिडकीचे गज धरून टाचा वर-खाली, आणि पुढे कॅन्टोन्मेंटच्या झाडांखालून फेऱ्या. पोटरी हळूहळू भरू लागली. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवत सुटलो. लेंगा वर करायला लागलो, की बायको पाहुण्यांपुढे चहा आणून ठेवायची.

लग्नाच्या दिवशी मी काठी घरीच ठेवली. पोरीनं माझा दंड घट्ट धरला होता. कुणी कुणाला आधार दिला, ते मी विचारात घेतलं नाही. वेदीपाशी पोचलो, तिचा हात जावयाच्या हातात दिला आणि बाकावर जाऊन बसलो.

घरी आल्यावर बूट काढता काढता मी बायकोला म्हटलं, "बघितलंस? एकदाही अडखळलो नाही."

"व्हय, जाताना बिगीबिगी गेलात," ती म्हणाली. "पन पोरीचा हात सोडायलाच लई येळ लावला तुमी."