दहाच्या जुडीतली अकरावी घडी

संत्र्याचा शेकडा कधी शंभराचा नसतो, हे आमच्या सौंसरकडे शेंबडं पोरही जाणतं. शंभर मोजायची आणि वर पाच टाकायची. दहा घेणाऱ्याच्या हातावर अकरावं ठेवायचं. नेमकं मोजून देणाऱ्याला आमच्यात चिकट म्हणत. माझे बाबा तर वरचं फळ टाकताना गिऱ्हाइकाकडे पाहतसुद्धा नसत, हात आपोआप जायचा. लोधीखेड्याजवळच्या आमच्या बगीच्यात ढिगापाशी बसून मी लहानपणापासून मोजत आले, तेव्हा माझाही हात तसाच झाला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे हाच हात अंगाशी आला.

ऑपरेशनच्या खोलीतलं काम शिकायचं असं मी ठरवलं, तेव्हा घरात गहजब झाला. डॉक्टरांच्या हातात वेळेवर चिमटा, कात्री, सुई द्यायची, अवजारं उकळायची, रक्त टिपायच्या कापडी घड्या करायच्या आणि मोजायच्या, असं ते काम. आत्यानं कपाळावर हात मारला. "अवो दादा, पोरीले लोकाइच्या रक्तात हात घालाले धाडून राहिले तुमी? कोन करन इच्याशी लगन?"

बाबा म्हणाले, "नाही करन तं नको करू. तुया पोटात दुखन तवा तूच इले हाका मारशीन."

मी नागपूरला गेले. सहा महिने झाले असतील नसतील, तर प्रांत तुटला. नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं आणि आमचं सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. आम्हा इकडच्या पोरींना उभं करून सांगण्यात आलं, "आता तुमचं भोपाळ." घ्या! भोपाळ मी नकाशातसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. महिनाभर कागद इकडून तिकडे फिरले. शेवटी ठरलं ते असं, की उरलेलं शिक्षण पांढुर्ण्याच्या एका लहानशा दवाखान्यात पुरं करायचं, आणि तिथल्या डॉक्टरांनी 'ही कामाची आहे' असं लिहून दिलं, तरच भोपाळहून प्रमाणपत्र येणार. नाही लिहिलं, तर परत बगीचा, परत कापूस, आणि वरून जन्मभर आत्याचे टोमणे.

डॉक्टर तापट. तीन शब्दांत काम भागत असेल तर चौथा बोलायचे नाहीत. सिस्टर नागपूरच्या, वयानं माझ्या आईएवढ्या, आणि नियमाच्या पक्क्या. पोट उघडण्याआधी घड्या मोजायच्या, पोट शिवण्याआधी परत मोजायच्या. एक घडी आत राहिली तर माणूस आतून सडतो, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी असं सांगितलं, की दुपारी जेवण गेलं नाही.

पण मी हटणारी नव्हते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दरवर्षीसारखी गोटमार झाली. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधे दगडांचा पाऊस. संध्याकाळपर्यंत फुटलेली डोकी दवाखान्यात येत राहिली, दोन्ही काठांची, एकाच बाकावर. जखमेवर देवीची राख चोपडून आलेले तर कितीतरी. राख धुऊन काढायला गेले की माझ्यावरच डोळे वटारायचे. मी म्हटलं, "देवी कुठं जात नाही, पण हे डोकं जाईन. सरळ बस." बसले मुकाट्यानं. डॉक्टरांनी पाहिलं आणि "ठीक" म्हणाले. त्या एका शब्दावर मी आठवडाभर हवेत होते.

घड्या करण्यात तर माझा हात कोणी धरावा! चारी टोकं आत, एक धागा बाहेर नाही, आणि दहा-दहाची जुडी दोऱ्यानं बांधलेली. सिस्टर एकदा म्हणाल्या, "तुझी जुडी सोडून मोजायची गरजच नाही गं." मी फुगले. खरं तर तिथंच माशी शिंकली होती. माझ्या भरवशावर त्यांनी आपला नियम सैल केला, आणि मी तो करू दिला.

हिवाळ्यात एक बाई आली, तिगावकडची, दोन लेकरांची आई. पोटात मोठी गाठ. सकाळी दहाला तिला टेबलावर घेतलं. सिस्टरांनी पाटीवर लिहिलं, तीन जुड्या, तीस घड्या. मी डॉक्टरांसमोर उभी होते आणि त्या दिवशी त्यांना एकदाही काही मागावं लागू दिलं नाही. हात पुढे आला की त्यात हवं ते अवजार. गाठ निघाली. सिस्टरांनी रक्ताळलेल्या घड्या खालच्या चादरीवर दहा-दहाच्या तीन ओळींत मांडल्या. "तीस. बरोबर."

डॉक्टरांनी हात पुढे केला. "सुई."

सुई माझ्या हातात होती, दोरा ओवलेला. देताना माझी नजर त्या ओळींवर गेली, आणि मला त्या ओळी उघड्याबोडक्या दिसल्या. दहा, दहा, दहा. वरची कुठं आहे?

आदल्या दुपारी जुड्या बांधताना गप्पांच्या नादात माझा हात बाबांसारखा चालला होता. दहा मोजल्या की वर एक. प्रत्येक जुडीत अकरा बांधल्या होत्या मी.

"सुई," डॉक्टर पुन्हा म्हणाले, मोठ्यानं.

खरं सांगते, गप्प राहायचा विचार मनात येऊन गेला. पाटीवर तीस होते, चादरीवर तीस होत्या, कोणी मला विचारणार नव्हतं. चूक कबूल केली तर ते पत्र गेलं, भोपाळ गेलं, बाबांचा शब्द पाण्यात. पण त्या बाईची दोन लेकरं बाहेर व्हरांड्यात पोंगे खात बसली होती, त्यांचा आवाज आत येत होता.

मी सुई ट्रेमध्ये ठेवली. "साहेब, शिवू नका. तेहतीस पाहिजेत. जुड्यांत एकेक जास्त बांधली मी. माझी चूक आहे."

सिस्टर पांढऱ्याफटक पडल्या. डॉक्टर माझ्याकडे एवढे रोखून पाहत राहिले, की मला वाटलं आता अवजारच फेकून मारतात. मग ते खाली वाकले. एक घडी त्यांच्याच बुटामागे सापडली. दुसरी टेबलावरच्या चादरीच्या दुमडीत. तिसरी कुठंच नव्हती. त्यांनी हात परत पोटात घातला, आतड्यांच्या मागे चाचपत राहिले, आणि रक्तानं भिजून काळीठिक्कर झालेली ती घडी बाहेर काढली. मीच केलेली, चारी टोकं आत.

"आता सुई," ते म्हणाले. मी दिली. रडले ते नंतर, अवजारं उकळताना.

बाई दहाव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेली. सिस्टरांनी प्रत्येक जुडी सोडून मोजायचा नियम परत सुरू केला, आणि मी मनानं सामान बांधून ठेवलं.

बगीच्यात संत्र्याची तोड चालू असताना भोपाळचा लिफाफा आला. मी तो घेऊन घरी गेले. अकराव्या घडीचं सगळं बाबांना आधीच सांगितलं होतं. आत प्रमाणपत्र होतं, आणि सोबत डॉक्टरांच्या पत्राची नक्कल. बाबांना वाचता येत नव्हतं. ढिगापाशी बसूनच म्हणाले, "वाच. तुया चुकीचं बी लिहून आहे का?"

"आहे." मी वाचलं. "मोजणीत हिच्याकडून गंभीर चूक झाली. मी पोट शिवायच्या आत हिनं ती स्वतःच्या तोंडानं सांगितली. माझ्या टेबलापाशी मला हीच हवी."

बाबांनी टोपली पुढे ओढली आणि ते डॉक्टरांसाठी संत्री मोजायला लागले, एकेक फळ फिरवून, डाग पाहून. शंभर झाली. हात सवयीनं ढिगाकडे गेला, वर पाच पडली. बाबा थांबले. टोपलीत हात घालून त्यांनी पाचही परत काढली आणि ढिगावर ठेवली. जन्मात पहिल्यांदा.

"ने," म्हणाले. "तुया दवाखान्यात वरचं चालत नाही ना."