मामेकुळ आणि बँकेचं गुपित

बँकेच्या फॉर्मवर एक रकाना होता: आईचे माहेरचे आडनाव. ही माहिती गोपनीय असून तुमची ओळख पटवण्यासाठी वापरली जाईल, असं खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं. मी तो रकाना भक्तिभावाने भरला. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. मखमलाबादकडे आमचा फुलांचा मळा. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी मागे लागून मला बी.कॉम.पर्यंत ढकललं, त्यांच्या कृपेने सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब विभागात चिकटलो, आणि कारखान्याने पगार बँकेत जमा करायला सुरुवात केली तेव्हा इंटरनेट बँकिंगसुद्धा पदरात पडलं. एवढ्या मोठ्या बँकेने माझ्यासारख्याला एक गुपित सांभाळायला द्यावं, याचाच मला अभिमान वाटला.

हा गुप्त प्रश्न ज्या विद्वानाने शोधून काढला, तो आमच्या बाजूच्या एस.टी.त कधी बसलेला नसावा. आमच्याकडे शेजारच्या सीटवरचा अनोळखी माणूस आधी गाव विचारतो, मग आडनाव, आणि ओझर यायच्या आत मामेकुळ. म्हणजे आईचं माहेर कुठल्या घराण्यातलं. त्यावरून कोण कुणाचा पाहुणा लागतो ते ठरतं आणि मग शेंगदाण्याची पुडी पुढे होते. मामेकुळ सांगायला जो कां-कूं करतो त्याच्याबद्दल लोक समजायचं ते समजतात.

कारखान्यात एकदा संगणक सुरक्षेवर व्याख्यान झालं. टाय लावलेले एक तज्ज्ञ आले होते. चोर आता दार फोडत नाहीत, वायरीतून येतात, असं ते म्हणाले. पासवर्ड कुणालाही सांगू नका, बायकोलाही नाही, असं म्हटल्यावर मागच्या रांगेतले विवाहित लोक खूश झाले. व्याख्यान संपल्यावर तज्ज्ञांनी पिशवीतून अँटीव्हायरसच्या सीड्या काढल्या आणि सवलतीत विकल्या. मी पहिल्या रांगेत होतो. मी पहिली सीडी घेतली.

घरी एक जुळवलेला, जुना संगणक होता. त्याच्यावर प्लॅस्टिकचं आवरण, दसऱ्याला झेंडूची माळ. मी दर महिन्याला पासवर्ड बदलायचो, तोही आकडे आणि चिन्हं घालून असा करायचो की मलाच आठवायला कष्ट पडावेत. टाइप करताना डाव्या हाताने कीबोर्ड झाकायचो. अनोळखी ईमेल न उघडता खोडायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजारातून आल्यावर माझ्याकडे बघत चहा प्यायचे.

"काय झाकतोस रे?"

"पासवर्ड, अण्णा."

"आम्हाला वाचता येतो का तो? झाकतोय जुगारातल्या पत्त्यावाणी."

खात्यात माझी काही वर्षांची बचत होती आणि आईने फुलांतून बाजूला टाकलेले पैसे होते. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला दोन बेडरूमचा एक फ्लॅट आम्ही बघून ठेवला होता. बुकिंगचे पैसे दसऱ्यापर्यंत भरायचे, मग उरलेल्याला कर्ज. फ्लॅटची घाई मला नव्हती, मुलींच्या बापांना होती. मळा आहे, नोकरी आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, हे सगळं ऐकून घेतल्यावर प्रत्येक जण विचारायचा, "शहरात स्वतःचं काही?" आणि आम्ही पुन्हा मळ्याचं सांगू लागलो की चहाचे कप उचलले जायचे. फ्लॅट झाला तरच लग्न, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. त्यासाठी ते पैसे जपायचे होते, आणि ते मी जपत होतो, डाव्या हाताने.

त्या वर्षी समाजाच्या वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेत माझी माहिती छापून आली. फोटो, जन्मतारीख, जन्मवेळ, शिक्षण, नोकरी, घरचा फोन. पंधरवड्यात एका दुपारी फोन वाजला. मी कारखान्यात होतो, पण हे संभाषण अण्णांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मी तिथे बसलो होतो असंच वाटतं.

"रामराम पाहुणं. निफाडकडून बोलतोय. भाचीसाठी स्थळ बघतोय. तुमचा मुलगा पुस्तकात पाहिला, लय नाकासमोर चालणारा दिसतोय."

"रामराम, रामराम. हाय ना. सुपारीचं खांड सुद्धा नाय."

"मामेकुळ कोणतं म्हणायचं?"

अण्णांनी आईचं माहेरचं आडनाव सांगितलं. तेवढ्यावर थांबतील तर ते अण्णा कसले. गाव सांगितलं, गावातली आळी सांगितली, मेव्हणे किती, कुणाची विहीर कुठे, कुणाचं कुणाशी पटत नाही, हेही सांगितलं. पलीकडच्याने मध्येमध्ये "असं का!", "वा!" अशी दाद दिली. बँकेचं गुपित असं विहिरीसकट गेलं.

भाची बी.ए. होती म्हणे. रंगाने उजळ, बोलायला कमी, हाताला चव. आई-वडील नव्हते, मामानेच वाढवलेली. हे शेवटचं ऐकून माझी आई विरघळली. "आईविना वाढलेली पोर घर धरून राहते," असं तिने त्याच संध्याकाळी जाहीर केलं.

मामांचा दुसरा फोन आला. त्यांना मुलाच्या पगाराची खात्री करायची होती. "राग मानू नका पाहुणं. आजकाल पोरं सांगतात एक आणि असतंय एक. पगाराची पावती आणि पासबुकाची झेरॉक्स फॅक्स केली तर पोरीच्या आजीचं समाधान होईल."

मी म्हणालो, "अण्णा, पासबुक कशाला?"

"का? चोरीचा पगार हाय का तुझा?"

"तसं नाही. पण खात्याचा नंबर वगैरे असतो त्यावर."

"नंबर घेऊन काय करील तो? देणाऱ्याला घेणाऱ्याचं बघावंच लागतं. चौकस माणूस हाय. उद्या तू तुझी भाची अशीच देशील का कुणालाबी?"

आई म्हणाली, "एवढं खोदून विचारतोय म्हणजे देणारच."

या युक्तिवादाला तज्ज्ञांच्या व्याख्यानात उत्तर नव्हतं. अण्णा नाक्यावरच्या एस.टी.डी. बूथवर गेले. बूथवाल्याने कागद मशिनमध्ये घालायच्या आधी माझा पगार मोठ्याने वाचला आणि "एवढाच?" असं विचारलं. रांगेतल्या दोघांनी, शिकून काय होतंय, असं मत दिलं. मग कागद गेले. पासबुकाच्या पहिल्या पानावर खाते क्रमांक, ग्राहक क्रमांक, पत्ता, सगळं स्वच्छ दिसत होतं. झेरॉक्स चांगली काढा, असं अण्णांनी दुकानदाराला बजावलं होतं.

दोन दिवसांनी, शनिवारी सकाळी, कामावर जायच्या आधी मी खातं उघडायला बसलो, तर पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. हात न झाकता टाकला, तरी चुकीचाच. व्हायरस असणार, दुसरं काय? मी सीडी घालून पूर्ण तपासणी लावली. हिरवी पट्टी पडद्यावर गोगलगायीसारखी सरकत होती. अण्णा टोपल्या रिकाम्या करून आले आणि माझ्या मागे उभे राहिले. शेवटी पाटी आली: तुमचा संगणक पूर्णपणे सुरक्षित आहे.

"मग झालं तर," अण्णा म्हणाले.

मी फोन बँकिंगला फोन लावला. तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, कालच तर आपण नवीन पासवर्ड घेतलात. आपली ओळख पटवूनच दिला आम्ही."

आम्ही मोटारसायकलवर बँक गाठली. अण्णांच्या सदऱ्याला शेवंतीच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. शनिवार असल्यामुळे बँक अर्धा दिवस, आणि बँकेत सगळे त्या अर्ध्या दिवसाच्याही उरलेल्या अर्ध्याकडे बघत होते. एका अधिकाऱ्याने माझं खातं उघडलं, चष्मा वर केला आणि सांगितलं की पैसे तर तुम्हीच काल दुसऱ्या शहरातल्या एका खात्यात वळते केलेत.

"मी नाही केले, साहेब."

"नोंद आहे ना. जन्मतारीख बरोबर सांगितली, पत्ता बरोबर, ग्राहक क्रमांक बरोबर, गुप्त प्रश्नाचं उत्तरही बरोबर."

"कोणता प्रश्न?"

"आईचं माहेरचं आडनाव. ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत असणार?"

अण्णांनी हे ऐकलं आणि त्यांना पहिल्यांदा बँकेची कीव आली. "अहो साहेब, ते सगळ्या गावाला माहीत हाय. लग्नाच्या पत्रिकेत मामांची नावं छापतो आम्ही. मांडवात बोलावून मामाला मुलीच्या मागं उभा करतो. ते कुठलं गुपित?"

"नियमाप्रमाणे ते गुप्त असतं," अधिकारी म्हणाले.

"असू द्या," अण्णा म्हणाले. मग तितक्याच सहजपणे, "तुमचं मामेकुळ कोणतं, साहेब?"

अधिकाऱ्यांनी आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि धाकटे मामा सरपंच होते, हेही सांगितलं. "म्हणजे तुम्ही आमच्या साडूच्या गावचे की," असं अण्णा म्हणत होते तेवढ्यात अधिकाऱ्यांचा चेहरा बदलला. शेजारच्या काउंटरवरची कारकून बाई खाली मान घालून हसत होती. साहेबांनी एकदा तिच्याकडे, एकदा अण्णांकडे बघितलं, फोन ओढला आणि मुख्य कार्यालय लावलं.

त्या फोनने आमचं बरंचसं वाचवलं. चोराने पैसे वळवून घेतले होते, पण एटीएममधून एका दिवसात ठरावीक रक्कमच निघते. काल त्याने तेवढी काढली होती, आज सकाळी पुन्हा तेवढी. उरलेली त्या खात्यात गोठवली गेली. मी अजून एटीएमच्या त्या नियमाचा ऋणी आहे. त्या नियमावर कुणी व्याख्यान दिलेलं मात्र ऐकलं नाही.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलगी पाहिली होती का?" नाही म्हटलं. "मग लग्न मोडलं असं म्हणता येणार नाही." मी म्हणालो, प्रश्न पैशांचा आहे. "पैसे तर संगणकातून गेले. संगणक चोरीला गेला का?" तोही नाही. बराच वेळ विचार करून त्यांनी तक्रार अर्ज घेतला आणि त्यात सर्वांत आधी माझ्या वडिलांचं आणि आईचं पूर्ण नाव लिहून घेतलं, माहेरसकट.

गोठवलेले पैसे परत यायला दिवाळी उलटली. गेलेल्या रकमेबद्दल मी बँकेला अर्जावर अर्ज केले. चांगल्या मराठीत, मुद्देसूद, गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे समास सोडून. बँकेचं उत्तर इंग्रजीत आलं. संवेदनशील माहिती ग्राहकाच्या कुटुंबीयांनी स्वतः उघड केली असल्याने बँक जबाबदार नाही. आपल्या मुलाची आई कुठल्या घरची हे बापाने सांगितलं, हा झाला अपराध. आणि तेवढ्या सांगण्यावर तिजोरीची किल्ली काढून देणारी बँक निर्दोष. पत्राच्या शेवटी त्यांनी मला मौल्यवान ग्राहक म्हटलं होतं आणि संगणकात अद्ययावत अँटीव्हायरस ठेवण्याचा सल्ला दिला होता.

घरात अण्णा महिनाभर फोनजवळ फिरकले नाहीत. त्यांना पैशांपेक्षा एका गोष्टीचं जास्त लागलं होतं. तो माणूस इतकं छान ऐकून घेत होता. आमच्या मेव्हण्यांच्या विहिरींबद्दल त्यांना आजवर कुणी इतकं विचारलं नव्हतं. आईचं दुःख वेगळं होतं. एकदा भाकरी थापताना ती म्हणाली, "म्हणजे ती पोर नव्हतीच का?"

"नव्हती, आई."

तिने भाकरी तव्यावर टाकली. "बरं झालं नव्हती ते. असला मामा म्हटल्यावर बिचारीचं काय झालं असतं."

दसरा गेला तसा दोन बेडरूमचा फ्लॅटही गेला. त्याच इमारतीत एक बेडरूमचा, तळमजल्यावरचा, पाण्याच्या पंपाशेजारचा फ्लॅट शिल्लक होता. उरलेल्या पैशांत तो बसला. मुलींच्या बापांना शहरात घर हवं होतं, त्यात खोल्या किती हे पुढच्या वेळी त्यांनी विचारलं नाही, आणि माझं लग्न झालं. कमी पडलेल्या, म्हणजे त्या फोनवरच्या मामाने नेलेल्या, खोलीला आमच्या घरात मामाची खोली असं नाव पडलं. कुठलीही वस्तू ठेवायला जागा नसली की अण्णा म्हणायचे, ठेवा मामाच्या खोलीत. गव्हाची कोठी, जुनी सायकल, माझी बी.कॉम.ची पुस्तकं, सगळं त्या नसलेल्या खोलीत असायचं.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात बायकोचे मामा फ्लॅटवर मुक्कामाला आले. खरेखुरे, ओळखपाळख असलेले, येताना आंब्यांची पेटी घेऊन आलेले. जेवणं झाली. अंथरुणं कुठे घालायची यावर बायको आणि आई दबक्या आवाजात बोलत होत्या. अण्णा पान लावता लावता म्हणाले, "त्यात काय एवढं? पाहुण्यांना मामाच्या खोलीत झोपवा."

आई पदर तोंडाला लावून आत पळाली. मामा भले गृहस्थ. खास आपल्यासाठी खोली राखून ठेवलीय हे ऐकून ते हरखले, उठले, पिशवी काखेत मारली आणि आधी स्वयंपाकघराच्या, मग मोरीच्या दाराशी जाऊन आत डोकावून बघू लागले.