येऊन राह्यली

पुण्यातल्या क्लबशी माझा एका हंगामाचा करार झाला, तेव्हा सिंदेवाहीत आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. बास्केटबॉल खेळून पगार मिळतो, यावर बाबांचा बरेच दिवस विश्वासच बसला नव्हता. हंगाम संपल्यावर मला ठेवायचं की घरी पाठवायचं, ते क्लब ठरवणार होता. घरी परत जाणं म्हणजे खेळ संपणं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्याकडे मुलींचा संघ सोडाच, धड रिंग असलेलं मैदान शोधायलाही वणवण करावी लागते.

उंची होती, वेग होता. मी अडकले ती बोलण्यात. बचाव करताना सारखं ओरडावं लागतं. समोरच्या संघातली कुणी आपल्या खेळाडूच्या वाटेत आडवी उभी राहायला येत असेल, तर त्या खेळाडूला आधी सांगायचं, नाहीतर ती जाऊन आदळते. पहिल्याच सरावात मी जीव तोडून ओरडले, "डावीकडून येऊन राह्यली!" माझं वाक्य संपेपर्यंत ती येऊन, आमची मुलगी आदळून, बॉल बास्केटमध्ये पडूनही झाला होता. सगळ्या पोट धरधरून हसल्या. त्या दिवसापासून माझं नावच पडलं 'येऊन राह्यली'. जेवायला गेले की कुणीतरी म्हणायचीच, आली बघा येऊन राह्यली. त्यात दुष्टपणा नव्हता, हे आज कळतं. तेव्हा मात्र एकेकीच्या झिंज्या उपटाव्याशा वाटायच्या.

मग मी तोंडाला कुलूप लावलं. खोलीत गप्प, मैदानावरही गप्प. एका सामन्यात मी वेळेवर ओरडले नाही आणि आमची कर्णधार आदळून तिच्या नाकातून रक्त आलं. प्रशिक्षक बाईंनी मला बाकावर बसवलं. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "तू बोलत नसशील, तर तू मैदानात नाहीसच."

पुढचे सामने मी बाकावरून पाहिले. फार एकटं वाटायचं. खोलीत आणखी दोघी होत्या, पण त्यांच्याशी बोलायचं तर शब्द आधी मनातल्या मनात धुऊन घ्यावे लागायचे आणि तोवर विषय बदललेला असायचा. मेसमध्ये पोळ्यांवर पोळ्या वाढायचे आणि शेवटी भात, तोही मूठभर. तांदळाच्या मुलखातली मी, त्या भाताकडे बघून डोळे भरून यायचे. भातासाठी रडतेय म्हणून स्वतःचाच राग यायचा.

शेवटी एका शब्दात ओरडायला शिकले. 'लेफ्ट', 'राइट', 'माझी', 'सोड'. अंघोळ करताना, जिना चढताना पुटपुटत राहायचे. खोलीतही त्या दोघींसारखं बोलू लागले. 'मले'चं 'मला' झालं, 'काऊन'चं 'का'. घरून फोन आला तरी त्या शेजारी असायच्याच, म्हणून आईशीही तसंच बोलायचे. हळूहळू बाकावरून उठले, खेळले, आणि हंगाम संपता संपता करार वाढवून मिळाला. ती बातमी समोरासमोर सांगायची म्हणून फोन न करता घरी गेले.

बातमी ऐकून बाबा लगेच मासळी आणायला बाजाराकडे पळाले. आई दारातच उभी होती. माझी बॅग घेत ती म्हणाली, "हातपाय धुऊन घे. तुला भूक लागली असेल ना?"

एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा. टीव्हीवरच्या मालिकेतली बाई बोलावी तसं. मी थट्टा समजून हसले, तर ती ओशाळली. तू अशी का बोलतेस, असं मी विचारलं. पदराशी चाळा करत ती म्हणाली, "तू फोनवर अशीच बोलते न बाई. मले वाटलं, तुले आता आपलं बोलनं आवडत नसन."

मला तिला घट्ट धरून तिच्याच बोलीत सांगायचं होतं. घाईघाईनं तोंड उघडलं.

"असं काही नाहीये गं आई," मी म्हणाले. ते ऐकून तिनं नुसती मान हलवली आणि भात टाकायला आत गेली.