मौलाली मिस्त्रीचं मिसिंग

मौलाली मिस्त्रीच्या शेडात गाडी नेली की पहिली शिवी मला बसायची आणि दुसरी गाडीला. "बाळासो, येवढं काळं धुराडं घिऊन गावातनं आलासा? लाज न्हाय वाटली?" मीही ऐकून घेणाऱ्यातला नव्हे. माझी जुनी पेट्रोलची टॅक्सी कोल्हापूर-आजरा धावायची, तिच्यावर माझं घर चालायचं, तेव्हा तिला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरायचं. पण उद्यमनगरात एवढी गॅरेजं असूनही दुसऱ्या मिस्त्रीकडे जावं असं कधी मनात आलं नाही.

दर महिन्याला गाडी त्याच्याकडे जायचीच. आधी तो एअर फिल्टर काढून पेट्रोलात धुवायचा. मग प्लग काढून त्यांवरची काजळी खरवडायची, टोकातली फट करवतीच्या जुन्या पात्यानं मापायची, पॉइंट घासायचे, ऑइल बदलायचं. शेवटी इंजिन चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरं फडकं धरायचं. फडक्यावर काळं उठलं की पेट्रोल जास्त जातंय असं समजायचं, मग कार्बोरेटरचा स्क्रू जरासा फिरवून पुन्हा फडकं. ते स्वच्छ राहीपर्यंत गाडी सोडायचा नाही. त्या फडक्यापायी माझी किती भाडी बुडाली, ते विचारूच नका.

त्याचं सगळ्यात आवडीचं काम म्हणजे मिसिंग काढणं. चार सिलिंडरपैकी एखाद्यात पेट्रोल पेटत नाही, गाडी हिसके देत रडतखडत चालते, त्याला गॅरेजात मिसिंग म्हणतात. मिस्त्री चालू इंजिनावर वाकून प्लगची एकेक वायर उपसायचा. जी काढल्यावर आवाजात काही फरक पडत नाही, तो सिलिंडर मिसिंग. नवं गिऱ्हाईक घाबरलेलं असलं की तो समजूत घालायचा, "पावणं, मिसिंग म्हंजे बंद न्हवं. चालू हाय म्हणून तर मिसिंग." इंग्रजी त्याला येत होतं ते एवढंच.

बायको रोशनबी लवकर गेली. मुलगा गौस त्यानं त्या शेडातच, टायरांच्या ढिगात वाढवला. पोरगा बापासारखाच गाड्यांचा वेडा. फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाला तेव्हा मिस्त्रीनं उद्यमनगरभर पेढे वाटले आणि मग आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई चालू असताना तार आली. माझ्या गाडीचे प्लग नुकतेच निघाले होते, मी तिथेच फळीवर बसलो होतो. शेजारच्या लेथवाल्या सयाजीला इंग्रजी वाचता यायचं, त्यानं तार हातात घेतली आणि त्याचं तोंड उतरलं.

"मिस्त्री, गौस मिसिंग हाय म्हणत्यात."

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. मग मोठ्यांदा श्वास सोडला. "मिसिंग व्हय? आन मी घाबरलो की रं! मिसिंग म्हंजे चालू हाय की." आणि तो चक्क हसला.

सयाजी माझ्याकडे बघायला लागला. त्याची जीभ उचलेना, माझी मुळातच फटकळ. म्हटलं, "मिस्त्री, फौजेतलं मिसिंग येगळं असतंय. गौस सापडंना झालाय. हाय का न्हाय, ते त्यास्नीबी ठावं न्हाय."

"ठावं न्हाय म्हणत्यात न्हवं? गेला म्हणत न्हाईत न्हवं?"

"न्हाय."

"मग झालं की."

तो पुन्हा माझ्या गाडीवर वाकला आणि प्लग बसवायला लागला. चावी मारली तर सायलेन्सरातून बंदुकीसारखा बार निघाला. वायरी उलटसुलट लावल्या होत्या. असली चूक मी त्याच्या हातून कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी मी त्याला चिडवलं नाही.

वर्षभरानं तिकडच्या कैदेतले आपले जवान परत आले, त्यांत गौस नव्हता. पुढे फौजेनंही त्याला गेलेल्यांत धरलं. मिस्त्रीनं धरलं नाही.

त्याची धाकटी बहीण इमामबी आजऱ्याला काजू फोडायच्या कामावर जायची. शब्बेबरातीला भाऊ तिच्याकडे यायचा. त्या दिवशी त्यांच्यात चपाती-हलव्यावर फातेहा देतात आणि घरातल्या गेलेल्या माणसांची एकेकाची नावं घेतात. एका वर्षी इमामबीनं मुल्लाजींना गौसचं नाव सांगितलं. मिस्त्री तसाच उठला, ताट तिथंच टाकून एस.टी.नं कोल्हापूरला परत आला. "जित्या पोराचा फातेहा देतीस व्हय?" एवढंच बोलला. त्यानंतर ना तो गेला, ना ती आली. नातलग बहिणीच्या बाजूचे झाले. ईदेच्या दिवशी त्याची शेड उघडी दिसायची. कुणाच्या घरी जाणं नाही, कुणाचं येणं नाही. नवा सदरा घालून एकटाच एखादं इंजिन चालू करून ऐकत बसलेला असायचा.

हळूहळू गिऱ्हाइकं डिझेल गाड्यांकडे, नव्या गॅरेजांकडे वळली. माझी टॅक्सी तेवढी त्याच्या दारात जायची.

एकोणऐंशी सालच्या पावसाळ्यात इमामबीनं अंथरूण धरलं. मी आजऱ्याला गेलो की तिची विचारपूस करायचो. या खेपेला तिनं मला खाटेजवळ बसवून घेतलं. "बाळासो, माझं आता काय खरं न्हाय. भाईला सांगा, मी गेलो, तुमीबी गेलासा, मग गौसचं नाव घेणारं कोण ऱ्हातंय? येकदा तर घिऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडात गेलो. गाडी हिसके देत होती. मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणातली ओल फडक्यानं पुसत होता, तेव्हाच मी इमामबीचा निरोप सांगून टाकला. त्यानं प्लग बदलला, वायर बदलली, पॉइंट नवे घातले. तरी चौथा सिलिंडर पेटेना. शेवटी पाना ठेवून म्हणाला, "व्हॉल्व्ह जळालाय."

"मग इंजिनाचं हेड खोला की."

त्यानं रॉकेलनं हात धुतले, मग साबणानं. पुन्हा साबणानं. "आज शब्बेबरात न्हवं?"

"व्हय."

"चला आजऱ्याला. तीन सिलिंडरांवर जाईल."

वाटेत पाऊस मी म्हणत होता. उत्तूर सोडल्यावर चढाला गाडी धापा टाकायला लागली.

दिवेलागणीला पोचलो. भावाला दारात बघून इमामबीनं पदर तोंडावर घेतला. मुल्लाजी आले, चपाती-हलवा पुढ्यात आला. आई-वडिलांची नावं मिस्त्रीनं सांगितली. रोशनबीचं सांगितलं. मग तो थांबला. मी उंबऱ्याबाहेर बसलो होतो. हा आता पुन्हा उठणार असं धरून मी खिशातली चावी चाचपली.

"गौस," तो म्हणाला.

मुल्लाजींनी हात वर उचलले, तसा त्यानं घाईनं त्यांचा हात धरला. "पर जरा हळू घ्या. कुठं असला आन त्याच्या कानावर गेलं, तर म्हणंल, अब्बानंबी मला सोडलं."

मुल्लाजींनी मान हलवली आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं. मी दोन हातांवर होतो, पण ते नाव मला ऐकू आलं नाही.