पाचवा उद्गार माझ्या वाट्याला

गुड फ्रायडेला आमच्या चर्चमध्ये बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून येशू सात वेळा बोलला, त्याला आम्ही सात उद्गार म्हणतो. एकेका उद्गारावर मंडळीतला एकेक माणूस बोलतो. सातही जण वेदीशेजारी लोकांकडं तोंड करून ओळीनं बसतात. तीन तास उठायचं नाही, डुलकी घ्यायची नाही, आणि उपास असल्यामुळं तीनची घंटा होईपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही.

त्या वर्षी छापील पत्रकात पाचव्या उद्गारापुढं माझं नाव होतं. पाळकसाहेबांनी मला न विचारता घातलेलं. आमच्यात पत्रकात नाव आलं की ते लग्नपत्रिकेत नवरदेव म्हणून आल्यासारखं. पळून जाता येतं, पण मग गावही सोडावं लागतं.

खरं तर मी आठ महिने चर्चची पायरी चढलो नव्हतो. बिडकीनकडची माझी कंपनी बंद पडली आणि मी घरी बसलो. अडचणीतल्या माणसाच्या घरी जाऊन प्रार्थना करायची आमच्या मंडळीची पद्धत आहे. बारा वर्षं मीही दर बुधवारी कुणाकुणाकडं जाऊन डोळे मिटले होते, आणि डोळे उघडल्यावर चहा-खारीही खाल्ली होती. माझ्या वेळी कुणी आलं नाही. उलट कानावर आलं, की चर्चच्या पंचांच्या बैठकीत मंडळीचे सेक्रेटरी म्हणाले, "नोकरी गेली तसा त्याचा विश्वासबी गेला."

हे वाक्य मी लोणच्यासारखं मुरवलं. रविवारी बायको उपासनेला जायची आणि मी अंथरुणात पडून ते चाखत बसायचो. प्रार्थनेला बसलो तर 'हे प्रभू'च्या पाठोपाठ सेक्रेटरीच हजर व्हायचे. त्यांचं म्हणणं खरं करून दाखवायला मी किती राबलो, हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी माझा सत्कार केला असता. घर खायला उठायचं, चर्चला पाय वळायचे नाहीत, आणि देव काही सुटायचा नाही. कितीदा ठरवलं, की बस्स, आता मानायचं नाही. पण ठरवलंय हे सांगायलासुद्धा त्याच्याशीच बोलत होतो.

पत्रक पाहून बायको म्हणाली, "पाळकसाहेबांना फोन करा आणि नाही म्हणून सांगा."

"नाही कशाला? बोलतो की."

माझ्या आवाजातला गोडवा ऐकून ती घाबरली. "अहो, काहीतरी वाकडं बोलाल."

"शास्त्रातलंच बोलणार."

पाचवा उद्गार म्हणजे 'मला तहान लागली आहे'. तेव्हा शिपायांनी त्याच्या तोंडाला आंब लावली, म्हणजे आंबलेला द्राक्षारस. मी चार पानं लिहिली. शेवटचं वाक्य तर आरशासमोर उभं राहून घोटलं : 'त्या शिपायांनी निदान आंब तरी दिली. या मंडळीनं मला काय दिलं?' एवढं म्हणायचं, खाली उतरायचं आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर पडायचं. कायमचं.

चौथा उद्गार, 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास', सेक्रेटरींचा होता. म्हणजे खुर्ची माझ्या शेजारचीच. बारा वाजता उन्हाच्या झळा नकोत म्हणून दारं लोटली, आणि त्याच मुहूर्तावर वीज गेली. वर पंखे थांबलेले, समोर तीनशे डोळे, उजवीकडं सेक्रेटरींचा कोपर. देवानं माणसाचा त्याग का करावा, यावर ते पंधरा मिनिटांऐवजी पस्तीस मिनिटं बोलले. हा प्रश्न मी आठ महिने विचारत होतो, त्याचं उत्तर यांच्याकडं आहे हेच मला सहन होईना.

मग मी उठलो. पानं उघडली. जीभ टाळूला चिकटलेली. वचन वाचलं, 'मला तहान लागली आहे', आणि माझा हात आपोआप बाजूच्या पेल्याकडं गेला. तिथं एखाद्या म्हाताऱ्या वक्त्याला भोवळ आली तर असावं म्हणून पाणी ठेवतात. एरवी त्याला कुणी शिवत नाही. मी तो पेला एका दमात रिकामा केला. उपासाच्या दिवशी, वेदीसमोर, सगळ्या मंडळीदेखत.

गटागट आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला असावा, कारण तिथून कुणीतरी फिसकलं. मी गोठलो. तेवढ्यात पहिल्या बाकावरून मुकुंदवाडीच्या मावशी बोलल्या. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळं त्यांचं कुजबुजणंही रस्त्यावर ऐकू जातं. "पी बाबा, पी. लई दिवसांनी आलायस."

सगळे हसले. मला हसत नव्हते, हे मला कळलं आणि त्याचाच राग आला. पाठीमागून सेक्रेटरी उठले, तांब्यातून पेला पुन्हा भरला. "घे अजून," एवढंच म्हणाले आणि जाऊन बसले.

झाली पंचाईत! याच मंडळीचं पाणी पोटात, आणि आता 'मला काय दिलं' कोणत्या तोंडानं विचारू? मी पानं उलटली. चारही पानांवर मीच तहानलेला. शेवटी घडी घातली आणि म्हणालो, "आठ महिने मी कुणाशीच नीट बोललो नाही. देवाशी तर भांडलोच. तुम्ही कुणी आला नाहीत, त्याचं दुःख अजून आहे. तरी येशूला तहान लागली तेव्हा त्यानं ती लपवली नाही, सांगितली. मी सांगितलीच नव्हती." आणि बसलो. चार मिनिटांत संपलं. पाचवा उद्गार इतका लहान आमच्याकडं कुणी केला नसेल.

तीनला घंटा झाली. पायऱ्यांवर मी सेक्रेटरींना गाठलंच. "तुम्ही का नाही आलात?"

ते चपलेत पाय सरकवत राहिले. "लाज वाटली. तुला कुठं चिकटवायची ओळख नाय माझी. रिकाम्या हातानं काय यायचं?"

"आणि ते विश्वासाचं?"

"बोललो व्हय. चुकलो." मग खाली बघतच, "उद्या येऊ का?"

मी लगेच विरघळायला तयार नव्हतो. जरा ताणून धरावं म्हणून म्हणालो, "उद्या नको. रविवारी या, उपासना झाल्यावर."

रिक्षात बायकोनं छापील पत्रक काढून पाहिलं. मग म्हणाली, "रविवारी ईस्टर आहे. उपासना पहाटे पाचला."

"मग?"

"झाल्यावर या म्हणालात. म्हणजे तुम्ही जाणार."

मी रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगितलं. रविवार काही त्यानं लांबणार नव्हता.