दोन बसस्टॉपांमधली पायपीट

दुबईत चप्पल झटकली की वाळू पडतेच. कितीही झटका, उद्या परत आहेच. माझ्या पायपिटीचे किस्से तसेच. एक सांगायला घेतला की चार खाली पडतात, आणि त्यातले तीन सांगायची लाज वाटते. पण सून लिहून घ्यायला बसलीय, तेव्हा आता लाजून जाणार कुठे!

तर दुबईत आटपाट कुसैस होतं. तिथं एका बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर सुरेश नावाचा मुलगा, माधुरी नावाची सून, पिंकी नावाची नात आणि पार्वती नावाची आई राहत होती. ती आई म्हणजे मी. पेणकडची. शाळेची पायरी कधी चढले नाही. समोरच्या दारात श्रीवर्धनची फातिमाबी. सुरेश समुद्रातली वाळू उपसून नवी जमीन करणाऱ्या एका डच कंपनीत हेल्पर. त्याचा साहेब पीटर, आणि साहेबाची सत्तरीची आई आन्केबाई. ती दर थंडीत लेकाकडे यायची.

एकदा साहेबाने सुरेशला विचारलं, "माझी आई घरात बसत नाही. तुझी आई चालते का?"

"यस सर," म्हणाला, आणि घरी येऊन मला धरलं. "आई, उन्हाळ्याआधी काम संपतंय. चाळीसातली दहा माणसं ठेवणार. यादी पीटर साहेब करणार. नाव लागलं तर पिंकीची शाळा राहील. नाही लागलं तर खलास, सगळे पेणला. त्यांच्या आईसमोर लाज आणू नकोस!"

मी म्हटलं, "इन्शाल्ला."

आन्केबाईंचं गाव समुद्रापेक्षा खाली. त्यांच्याकडे तिकडच्या वाटांचं एक चोपडं होतं. तिकडची रीत अशी, की बसने जायचं, एका स्टॉपवर उतरायचं, पाण्याच्या कडेकडेने चालायचं आणि भलत्याच स्टॉपवरून परतीची बस धरायची. ती रीत त्यांनी इथंही लावली. दर शुक्रवारी त्या, मी आणि फातिमाबी. त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या, आम्ही आमच्या. कुणाचं काही अडलं नाही.

*

पहिल्या शुक्रवारी बस ओळखायचं काम माझ्याकडे. मला आकडे येत नाहीत, हे सांगायची लाज वाटली. माझी खूण वेगळी होती. खाडीकडच्या बसचा ड्रायव्हर मिशीवाला मलबारी, आणि त्याच्या काचेवर प्लॅस्टिकच्या झेंडूची माळ. बस आली. मिशी तीच, माळ तीच. मी ऐटीत म्हटलं, "यल्ला, चला!" आम्ही तिघी पुढे, बायकांसाठीच्या सीटवर बसलो.

खाडी येईना. बिल्डिंगा संपल्या, उंट लागले. फातिमाबी म्हणाली, "पार्वतीबाय, खाडी सुकली की काय गो?"

मी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "अम्मा, मेरा रूट चेंज हो गया. कल से."

ड्रायव्हरची बदली झाली आणि तो माळ सोबत घेऊन गेला! शेवटच्या स्टॉपवर उतरलो तर चारी बाजूंनी वाळू. आन्केबाईंनी बूट काढून हातात घेतले आणि खुशाल तासभर चालल्या. मला मात्र मान वर करवेना.

संध्याकाळी सुरेशने विचारलं, "खाडी कशी होती?"

मी म्हटलं, "कोरडी."

*

हे चोरीचं आहे, म्हणून भरभर सांगते. रस्त्याकडेला म्युनिसिपालटीची फुलं. कुणी बघत नाही असं पाहून मी देवाला दोन तोडायची आणि पदरात गाठ मारायची. आन्केबाईंना वाटलं, चालायला निघताना फुलं तोडायची ही आमच्याकडची रीत. त्यांनी दोन्ही हातांनी आख्खा वाफा उतरवायला घेतला!

शिट्टी वाजली. पठाण माळी फावडं घेऊन धावत आला. गोरी बाई बघून जरा बिचकला. आन्केबाईंनी हसत माझ्या पदराकडे बोट दाखवलं. मला वाटलं, सुरेशचं नाव कापलं गेलं ते इथंच.

माळ्याने माझी गाठ सोडवली, दोन फुलं पाहिली. मग आन्केबाईंची ओंजळ पाहिली.

"माताजी, दो फूल भगवान के लिए माफ," तो म्हणाला. "लेकिन इसका भगवान कितना बडा है?"

*

आन्केबाई जेवायला एक ब्रेड आणि एक सफरचंद आणत. आम्ही दोघी काय असं कोरडं जेवणार! फातिमाबी चार पुडांचा डबा आणायची, मी तळलेले बोंबील. बसायला हिरवळ पाहिजे. एकदा मोठ्या राउंडअबाऊटच्या मधोमध लुसलुशीत हिरवळ दिसली. गाड्या चुकवून पोचलो, चादर अंथरली.

अर्ध्या जेवणात एक पांढरी गाडी आमच्याभोवती फिरायला लागली. एक चक्कर, दोन चकरा, तीन. हॉर्न वाजतोय. फातिमाबी म्हणाली, "मेला वाट चुकला दिसतो." तिनं हात हलवून त्याला रस्ता दाखवला.

काच खाली झाली. आत पीटर साहेब. बाजूला आमचा सुरेश, तोंडावर फाइल धरलेली.

आन्केबाईंनी लेकाला हाक मारली आणि अर्धा खाल्लेला बोंबील उंच करून दाखवला.

घरी आल्यावर सुरेश एवढंच म्हणाला, "आई, आत्तापर्यंत मी साहेबांना म्हणत होतो, माझी आई देवळात असते."

*

ही गोष्ट मला अजून झोंबते. अल ऐनला बसने गेलो. तिथं खजुरीच्या बागांमधून भिंतींच्या गल्ल्या आहेत, आणि कडेने दगडी पाटातून पाणी खेळतं. पाणी बघून मला हुरूप आला. सुकटीचा डबा रिकामा झाला होता, तो पाटात घासून पुसून लख्ख केला. वर राख नाही म्हणून मूठभर वाळूही लावली.

वळणावर पाहिलं, तर चार हात खाली एक म्हातारा अरब त्याच पाण्यात वुझू करत बसलेला. नमाजाआधीचं हातपाय धुणं! त्याने ओंजळ नाकाशी नेली आणि थांबला. फातिमाबीने कपाळावर हात मारला. "पार्वतीबाय, तू मला दोजखात नेशील गो!"

म्हातारा उठून आमच्यापाशी आला. जुने अरब हिंदी छान बोलतात. म्हणाला, "अम्मा, ये पानी पहाड से आता है. आज इसमें समंदर किधर से आया?"

मी डबा पदराखाली लपवला. तो आमच्या वरच्या अंगाला गेला, पुन्हा हातपाय धुतले. परत जाताना त्याच्या गड्याने खजुराची पिशवी आणून दिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर त्या खजुराला मी हात लावला नाही.

पिंकीने लावला. "आजी, दे आर सो यमी! पुन्हा तोच डबा घेऊन जा ना."

*

आता शेवटचा शुक्रवार. रविवारी यादी लागायची होती. साहेबाने कामगारांच्या घरच्यांना साइट बघायला बोलावलं. बसस्टॉपपासून बांधावरून चालत जायचं. आत मोठं तळं होतं, समुद्रातून उपसलेली वाळू आणि पाणी त्यात सोडायचे. वाळू खाली बसली की पाणी दारातून बाहेर जायचं. बांधाच्या बाहेरच्या अंगाला, खालीच, कामगारांची शेड. पंधरा-वीस पोरं जेवायला बसलेली.

आन्केबाईंनी चालता चालता चोपडं उघडून त्यांच्या गावचा फोटो दाखवला. बांध, पाणी आणि पाण्याच्या खाली शेत. मी म्हटलं, "अगो फातिमाबी, ही तर आमची खार!" पेणकडे आम्ही खाडीचं पाणी बांधाने अडवून आत भात लावतो. बांध फुटला की त्याला खांड म्हणतात, आणि जो पहिला बघेल त्याने ओरडायचं. मग तो लहान असो, थोर असो.

आणि मला दिसलं. बांधाच्या बाहेरच्या पायथ्याला बोटाएवढी धार. झिरपणारं पाणी नितळ असलं तर झिरपू दे. हे गढूळ होतं. गढूळ म्हणजे बांध आतून खातोय.

मी दुबई विसरले, यादी विसरले. साडी खोचली, घसरत खाली गेले आणि गावात ओरडतात तसं ओरडले, "खांड गेली रे! खांड!"

सगळे साहेब, सगळ्या मडमा बांधावर थिजल्या. सुरेश इस्त्रीच्या शर्टात धावत आला. "आई, वर ये! लोक बघतायत! इथं मोठमोठे इंजिनियर आहेत!"

"मग त्यांना म्हणावं, पोरं उठवा!"

"आई, पाया पडतो, गप्प बस!"

तेवढ्यात माझ्या शेजारी धप्पकन कुणीतरी आलं. आन्केबाई! बसूनच घसरत आल्या होत्या. त्यांनी धारेखाली तळहात धरला, बोटांनी चोळला, आणि चिखलाचा हात लेकाकडे उंच करून त्यांच्या भाषेत एकच शब्द ओरडल्या. मग मी माझा ओरडले. पुन्हा त्या. पुन्हा मी.

साहेबाचा चेहरा पांढरा पडला. वायरलेसवर बोलला, पंप बंद झाले, पोरं ताटं टाकून पळाली.

तीनच्या सुमाराला तेवढा बांध शेडवर बसला. खाली कुणी नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी कमरेपर्यंत चिखलात. आजूबाजूच्या बायका सीट सोडून उभ्या राहिल्या. सुरेश पार मागे, अनोळखी असल्यासारखा. घरी आल्यावर म्हणाला, "साहेब माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सामान बांधायला घ्या." मी रात्रभर देवासमोर बसले, पण त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

रविवारी सुरेश आला, डबा टेबलावर ठेवला आणि उभाच राहिला. यादीत नाव पहिलं. तीन वर्षांचं काम, पगार वाढवून. माधुरी रडायला लागली. मग त्याने खिशातून एक कार्ड काढलं. गळ्यात घालायची दोरी असलेलं, साइटवर जायचं. त्यावर बांधावरून कुणीतरी काढलेला माझा फोटो, चिखलासकट.

"साहेबांनी तुझ्यासाठी दिलंय," म्हणाला.

मला कुठलं वाचता येतंय! मी ते पिंकीकडे दिलं. तिनं एकदा वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं.

"आजी, इट सेज इन्स्पेक्टर!"