येसूबाईची काठी

येसूबाईबद्दल चांगलं लिहावं असं मला अजूनही वाटत नाही. चिंचणीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांपलीकडे तिचं मासळी सुकवायचं खळं आहे. मधे सारवलेली जमीन, कडेने बोंबील टांगायच्या बांबूच्या रांगा. बाई सत्तरीची, काटक, डाव्या डोळ्यात फूल पडलेली. हातात कायम काठी. समोर माणूस असो की कावळा, ती आधी काठी उचलते आणि मग बघते.

माझी मुलगी रिद्धी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दर रविवारी बोईसरहून बसने चिंचणीला जायचं, शेतांच्या बांधांवरून किनाऱ्यापर्यंत चालायचं आणि पक्ष्यांचे फोटो काढायचे, हे तिचं वेड. तरुण मुलगी, गळ्यात कुंदनमामाचा महागडा कॅमेरा, आणि पलीकडे तारापूरचं अणुकेंद्र. भलतीकडे लेन्स वळली आणि कुणी हटकलं तर? म्हणून मीही सोबत जाते. तिला ते आवडत नाही. "आई, तू मागे उभी राहिलीस की पक्षीसुद्धा घाबरतात," असं तोंडावर म्हणते.

या फाल्गुनात तिला एकच फोटो हवा होता. थंडीत इकडे येणारे कुरव, हे समुद्रपक्षी, पांढऱ्या डोक्याचे असतात, डोळ्यामागे फक्त एक डाग. ऊन तापायला लागलं की त्यांच्या डोक्यावर गडद तपकिरी टोपी चढते, आणि ती पुरती चढली की ते उत्तरेकडे निघून जातात. डिसेंबरातला पांढऱ्या डोक्याचा फोटो रिद्धीकडे होता. जोडीला टोपीवाला हवा होता, अगदी जवळून. होळीला पाच दिवस उरले होते आणि थवे रोज विरळ होत होते.

त्या रविवारी कुरव जवळ येईनात. मग मीच पिशवीतून फरसाणातल्या गाठ्यांची पुडी काढली. फिरायला येणारे सगळेच टाकतात, त्यात मला काही गैर वाटलं नाही. पाच मिनिटांत शंभरेक पक्षी आमच्या डोक्यावर कलकलू लागले. पुडी संपली, पक्षी काही हलले नाहीत. आमच्या पाठीमागे खळ्यावर गुलाबी जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकत पसरलेला होता. त्यांना तो आमच्याआधी दिसला. एक उतरला, मग सगळे उतरले. कावळे आले, घारी आल्या. खाली चोची आणि वरून शिटांचा सडा.

येसूबाई धावत आली. आधी तिने पक्षी हाकलले, मग आमच्याकडे वळली. मला काही कळायच्या आत रिद्धीच्या गळ्यातला कॅमेरा तिच्या गळ्यात होता.

"कोनी बोलावली ही पाखरा? आयशीनं?"

"मावशी, चूक झाली. कॅमेरा द्या ना," रिद्धी काकुळतीला आली.

"मावशी बोलू नको मना. माजी भाची गाठे नाय उधलत."

मी म्हटलं, "मी पोलिसांत जाईन हं."

"जा ना, बाय. जातानी ह्यो घान जवळा पन ने. सायबाला भाजी करून घाल."

जाळी विणणाऱ्या बायका खदाखदा हसल्या. होडीला डांबर लावत बसलेला कमलाकांत हळूच मला म्हणाला, "वयनी, नादी लागू नका. एका सायबाच्या चपला तिनं तीन दिवस ठेवलेल्या. तो अनवानी घरी गेला."

तिची अट साधी होती. घाण झालेला जवळा ती वेचून टाकणार. उरलेला सूर्य बुडेपर्यंत आम्ही दोघींनी राखायचा. "एक जरी पाखरू जवळ्यावर बसला, तर कॅमेरा उद्याला." दोन काठ्या आमच्यापुढे टाकून ती शिटा पडलेला जवळा टोपलीत घेऊन सावलीत बसली.

भर उन्हात आम्ही हाडहुड करत फिरत होतो. जवळा वेचता वेचता ती तोंड चालवत होती. सहा वर्षांची असताना तिच्या हातात काठी आली. भाऊ शाळेत गेला. "बापूस बोलला, तू शिकलीस तर पाखरा कोन हाकलील?" लग्न दोन आळ्या सोडून झालं. खळं बदललं, काठी तीच. नवरा दामू होडीवर. घरात कमी, समुद्रात जास्त. डोळा अकराव्या वर्षी गेला. बोंबील उचलायला आलेल्या घारीला तिने टोपली मारली, घारीने नखं मारली.

"घार उन्हाला पाठ करून येते, तुला दिसनार नाय. कावळा आदी येकटा येतो, बघून जातो. कुरव येडे. टोपी चढली का होळी बघतान न् पलतान."

रिद्धी काठी काखेत मारून हे सगळं वहीत लिहू लागली. मला ते मुळीच आवडलं नाही. मी तिरकसपणे विचारलं, "एवढा राग आहे पाखरांचा, तर इतकं माहीत कसं?"

"वैऱ्यावर नजर नाय ठेवायची, तर कोनावर ठेवायची?"

पाचच्या सुमाराला एक कुरव बांबूवर येऊन बसला. टोपी पुरती चढलेली, डोळ्याभोवती पांढरी कड. रिद्धीपासून चार हातांवर. तिची नजर त्याच्यावरून येसूबाईच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे गेली.

"मावशी, एकच. लगेच परत देते."

"काठी उचल."

पक्ष्याने मान वाकडी केली आणि तो जवळ्याच्या कडेला उतरू लागला. रिद्धीचा हात वर गेलाच नाही. मी धावले, ओरडले, काठी जमिनीवर आपटली. तो उडाला. त्याच्यामागून पाण्यावर बसलेला उरलासुरला थवाही उठला आणि डहाणूच्या दिशेने दिसेनासा झाला.

"आयशीला जमला," येसूबाई म्हणाली. "पोर कामाची नाय."

सूर्य बुडाल्यावर तिने कॅमेरा काढला, लेन्स मासळीचा वास मारणाऱ्या पदराने पुसली आणि रिद्धीच्या हातात दिला. "काड आता किती फोटो काडायचे ते." किनाऱ्यावर एकही पक्षी नव्हता.

बसमध्ये रिद्धी एवढंच म्हणाली, "तू हाकललंस त्याला."

"कॅमेऱ्यासाठीच ना?"

"माहितीये मला." मग तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

बोईसर येईपर्यंत मी मनातल्या मनात त्या बाईला शिव्या घालत होते. उतरताना कंडक्टर म्हणाला, "ताई, काठी सांभाळून, लोकांना लागतेय." तिची काठी माझ्याच हातात राहिली होती.

काठी आता दाराआड उभी आहे. उद्या पुन्हा रविवार. कुरव गेले, आता किनाऱ्यावर काही काम नाही, असं मी जेवताना सांगून टाकलं. रिद्धी म्हणाली, काठी द्यायला जायचंय. मी म्हटलं, मला सवड नाही. ती म्हणाली, तुला कोण बोलावतंय?

कॅमेरा तिने मामाकडे परत पाठवला आहे. वही मात्र पिशवीत भरून ठेवली आहे.